उजव्या अंगठ्याचं सर्टिफिकेट

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी मला अख्ख्या नोकरीत मिळाली नाही. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की आधी माझ्या पायाकडे बघतं, मग चेहऱ्याकडे, आणि मग विचारतं, "काय म्हणतंय?" हा प्रश्न मला उद्देशून नसतो. मी पाणीपुरवठा खात्यात नव्या नळजोडण्यांच्या विभागाचा हेडक्लार्क आहे. माझ्या सहीशिवाय एकाही नव्या नळाला थेंब येत नाही. पण ही गोष्ट लिफ्टमध्ये कोणाच्या लक्षात राहत नाही. अंगठा मात्र सगळ्यांना पाठ आहे.

प्रकरणाची सुरुवात माझ्यापासून झाली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवात बायकोपासून झाली. ती शाळेत गणित शिकवते आणि उभ्या आयुष्यात घोट्यापेक्षा खोल पाण्यात उतरलेली नव्हती. मध्यंतरी आम्ही मुलीकडे गेलो होतो, तिथे सगळे होडीत बसले आणि ही एकटी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली. आम्ही परत आलो. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी पोहायला शिकणार आहे."

"शिक की."

"एका अटीवर. तुम्ही पाण्यात माझ्या शेजारी उभं राहायचं. तुम्ही नसाल तर मी पहिली पायरीसुद्धा उतरणार नाही."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरात पोहता येणारा माणूस म्हणून माझा लौकिक आहे. तो कसा झाला ते सांगतो. मी पोहतो ते तलावाच्या उथळ भागात, आणि पोहताना उजव्या पायाचा अंगठा अधूनमधून हळूच तळाला टेकवतो. वरून काही कळत नाही. हात व्यवस्थित फिरतात, मान वळते, पाणी उडतं. अंगठा फक्त खात्री करून घेतो. दाराला कुलूप लावल्याचं पक्कं आठवत असूनही माणूस जिन्यातून परत येऊन ते ओढून बघतो, त्यातलाच प्रकार. मुलगी लहान असताना मी तिला असंच पोहायला नेत असे, आणि बायको काठावर बसून कौतुकाने बघत असे. तेव्हापासूनचा हा लौकिक.

तलावाच्या दाराशी पाय बुडवायची एक उथळ हौदी आहे. तिच्या पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक तपासनीस बसतात. आत जाणाऱ्यांच्या टोप्या आणि पाय बघणं एवढंच त्यांचं काम, आणि तेवढं ते मन लावून करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला आत सोडलं आणि मला थांबवलं.

"काका, हे काय?"

"नख."

"नख आहे ते मलाही दिसतंय. असं का आहे?"

मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर माणूस स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे नीट असा बघतच नाही. नख जाड झालं होतं, कडेने पिवळट, मध्ये खडूसारखं पांढरं, आणि अर्धं वर उचललेलं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, त्यामुळे आमचा एकमेकांशी संबंध आला नव्हता.

"डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा," तपासनीस म्हणाले. "लहान मुलं येतात इथे."

मी हेडक्लार्क आहे असं सांगून बघितलं. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्हाला कागदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको." मागे रांगेत उभी असलेली टोपी घातलेली मुलं माझ्या अंगठ्याकडे वाकून बघत होती. बायको हौदीच्या पलीकडून परत अलीकडे आली. "मी एकटी नाही जाणार," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं कोरडे ठणठणीत घरी आलो. हातात सुके टॉवेल घेऊन घरी येण्यात एक अपमान असतो. तो ओला टॉवेल घेऊन येणाऱ्यांना कळायचा नाही.

बातमी संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झाली. पहिले आले तळमजल्यावरचे विमाकाका. हे विमा कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि कोणत्याही दुखण्याकडे त्याचा शेवट काय होणार याच नजरेने बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझा पाय टीपॉयवर घेतला.

"हे नखुरडं नाही. नखुरडं ठणकतं. हे ठणकतं का?"

"नाही."

"मग जास्त वाईट." एवढं बोलून त्यांनी पाय खाली ठेवला. "माझ्या साडूला असंच झालं होतं. गोळी घेतली, गेलं."

"साडू?" मी दचकून विचारलं.

"दुखणं. साडू आहेत अजून."

त्यांच्या पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या पार्लरवाल्या वहिनी आल्या. त्यांचं मत असं की दिसत नाही ते नसतं. "भाऊजी, त्यात काय एवढं? अंगाच्या रंगाचं नेलपॉलिश लावून टाकू. तपासनिसाच्या बापाला कळणार नाही." मी नको नको म्हणत होतो, पण बायकोच्या डोळ्यांत अशी काही आशा दिसली की मी पाय पुढे केला. एकाच बोटाला लावलं तर ते चकाकून उठून दिसेल, म्हणून वहिनींनी दहाही बोटं रंगवली. बोटांच्या फटींत कापसाचे बोळे घालून, पाय वर्तमानपत्रावर ठेवून मी वाळत बसलो होतो, तेव्हा विमाकाका नेमके तेच वर्तमानपत्र मागायला आले. ते काही बोलले नाहीत. न बोलता जिना उतरून गेले, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी माझ्या पायांकडे बराच वेळ बघितलं.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्या नऊ बोटांना काय झालं?"

आम्ही पुन्हा कोरडे घरी आलो.

मग घरचे डॉक्टर. मी बुटाची लेस सोडायला वाकलो तेवढ्यात टेबलापलीकडून त्यांनी निदान केलं. "बुरशी. ही गोळी घ्या, सगळ्यांना लागू पडते." मी मोजा काढेपर्यंत चिठ्ठी माझ्या हातात होती. ती तीच साडूवाली गोळी होती हे कळल्यावर विमाकाकांचा भाव बिल्डिंगमध्ये एकदम वधारला. मी गोळ्या इमानेइतबारे घेतल्या, कित्येक महिने घेतल्या, आणि नख त्यांच्यावर पोसल्यासारखं आणखी जाड झालं. अर्धं होतं ते पाऊण झालं. बायको रोज सकाळी बघायची आणि चहा ओतायची. तिची टोपी आणि पोहायचा चष्मा कपाटाच्या आतल्या बाजूला खिळ्याला लटकत होता. कपाट उघडलं की तो हलायचा.

शेवटी आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. या बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलणं मोजकं. त्यांनी पाय उजेडाखाली घेतला, भिंग लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "मातीत काम करता का?"

आता इथे माझ्या बागेबद्दल सांगायला हवं. आमच्या बाल्कनीत पिंपांमध्ये मी टोमॅटो लावतो. ओल्या पालापाचोळ्याचं खत घालून माती भरायची आणि ती अनवाणी पायांनी तुडवायची, अशी माझी पद्धत आहे. हाताने दाबलेली माती पोकळ राहते असं माझं ठाम मत आहे. एकदा तुडवता तुडवता अंगठा पिंपाच्या काठावर असा काही आपटला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. नख काळंनिळं झालं, थोडं हललं, आणि मी त्याच पायाने उरलेलं पिंप तुडवून पुरं केलं, कारण काम अर्धवट टाकणाऱ्यांपैकी मी नव्हे.

"म्हणजे नख सुटलं आणि वर तुम्ही त्यात खत भरलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

असं म्हटलं की ते फार वाईट ऐकू येतं.

त्यांनी समजावलं ते असं. नखाला बुरशी होते ती बहुतेकांना एका नेहमीच्या जातीची होते, आणि साडूवाली गोळी तिच्यावर चालते. पण माती, पालापाचोळा, कुजकं लाकूड यांच्यावर जगणाऱ्या दुसऱ्या बुरश्या असतात. त्या क्वचित, नख दुखावलं की, आत शिरतात. त्यांच्यातल्या काहींना ती गोळी म्हणजे पेपरमिंट. तेव्हा आधी कोणती बुरशी आहे ते बघायचं, मग औषध. "इतके महिने दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललं होतं तर," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळी औषधं बंद करा. काही आठवडे काहीही लावायचं नाही, घ्यायचं नाही. मग नमुना घेऊ."

नमुना म्हणजे नखाचा वरचा भुगा नव्हे. सुटलेलं नख कापून, आत जिथे रोग चालू असतो तिथलं खरवडून काढतात. आधी तिथे नेलपॉलिशचा एक जुना, हट्टी पापुद्रा निघाला. डॉक्टरीणबाईंनी तो चिमट्यात धरून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

लॅबचा रिपोर्ट यायलाही काही आठवडे लागले, कारण बुरशीला बशीत उगवायला वेळ लागतो. तिला कोणाची घाई नसते. रिपोर्ट असा होता की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले, आणि बशीत नेहमीची बुरशी उगवलीच नाही, उगवली ती एक मातीतली, तपकिरी पिठासारखी. खाली शेरा होता : 'हवेतून पडलेली असण्याची शक्यता. पुन्हा नमुना पाठवावा.'

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"ही बुरशी हवेत, धुळीत, सगळीकडे असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बशीत चुकून एखादा कण पडला तरी उगवते. तुमच्या नखातलीच आहे असं म्हणायचं तर नव्या नमुन्यात पुन्हा तीच उगवली पाहिजे. एकदा दिसली म्हणून मी तुम्हाला जड औषध देणार नाही."

हे मला पटलं. आमच्या खात्यातसुद्धा एका साक्षीदारावर आम्ही नळ देत नाही.

घरी जाताना बायकोने विचारलं, "आणि पुन्हा नाही उगवली तर?" "तर पुन्हा तिसऱ्यांदा," मी म्हटलं. त्या दिवसापासून मात्र घरात एक सुखद बदल झाला. ऑफिसातून आल्यावर खुर्चीत बसून बातम्या बघता बघता माझा डोळा लागतो. एरवी यावर मला बोलणी बसत. आता बायको आवाज बारीक करायची, पायाखाली स्टूल सरकवायची, पायांवरचे मोजेसुद्धा स्वतः काढायची. उतारवयात माणसाला बायकोचं प्रेम नव्याने मिळतं, असं मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलं.

दुसरा नमुना गेला. रिपोर्ट : धागे दिसतात, उगवलं काही नाही. तिसरा नमुना गेला. रिपोर्ट : धागे दिसतात, उगवलं काही नाही. दर वेळी अंगठा खरवडून मी लंगडत ऑफिसात जायचो आणि दर वेळी बशी रिकामी. आपल्या अंगावर राजरोस उगवणारी गोष्ट लॅबमध्ये खास सोयी करून दिल्या तरी उगवत नाही, याने माणूस खचतो. विमाकाका म्हणाले, "लॅब बदला." पार्लरवाल्या वहिनी म्हणाल्या, "अंगठा बदला," आणि स्वतःच हसल्या.

तिसऱ्या रिपोर्टावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही काही लावताय का?"

"अजिबात नाही."

"काहीच नाही? थेंबभर?"

"बाई," मी खुर्चीत ताठ बसलो, "मी सरकारी नोकर आहे. मला लेखी सूचना मिळाली की मी ती पाळतो. तुम्ही लावू नका म्हणालात, मी नखाला पाण्याखेरीज काही लागू दिलं नाही."

"धागे दिसतात पण उगवत काहीच नाही. कोणीतरी तिला वरून मारतंय, पण पुरतं मारत नाहीये."

"माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा. मी काही लहान..."

"मी लावत होते," बायको म्हणाली.

बायको मांडीवरच्या पर्सकडे बघत बोलत होती. "विमाकाकांनी केमिस्टकडून बाटली आणून दिली होती. बुरशीवरची. हे खुर्चीत झोपले की मी कापसाने लावायचे. मला वाटलं, बशीत काय उगवतं त्याची वाट बघत बसण्यापेक्षा तोवर बरंच झालं तर..." ती थांबली. "मला पाण्यात जायचं होतं हो. यांच्याबरोबर."

मी जन्मात एवढा चिडलो नव्हतो आणि चिडायला एवढी कमी जागा मला कधी मिळाली नव्हती. तळपायाची आग मस्तकात जायला निघाली होती, ती मध्येच कुठेतरी बसली. स्टूल, मोजे, बारीक केलेला आवाज, सगळं आठवलं. ऑफिसात ज्यांना सांगितलं होतं तेही आठवले. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "औषध वरवर लागतं," त्या म्हणाल्या, "खाली बुरशी मजेत राहते. फक्त आम्हाला सापडत नाही. आता यांना झोपू दे, पण पायाला हात लावू नका."

पुढचे आठवडे अंगठ्याला घरात पाहुण्यासारखं वागवलं. बाटली विमाकाकांना परत केली. त्यांनी ती घेताना "साडूला लागू पडली होती" असं म्हटलं, तेव्हा मला त्या साडूंना एकदा प्रत्यक्ष भेटावंसं वाटलं. चौथा नमुना गेला. आणि एका दुपारी मला ऑफिसात फोन आला. मी टेबलावरची फाइल बाजूला सारली.

"उगवली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीच. तपकिरी. सगळ्या तुकड्यांतून."

"उगवली!" मी उभा राहून ओरडलो. विभागातल्या लोकांना वाटलं मुलीकडे काही गोड बातमी आहे. त्यांनी अभिनंदन केलं, मी घेतलं. बायको शाळेत होती, तिथे फोन करून तिला वर्गातून बोलावून घेतलं. "अगं, उगवली!" "देव पावला," ती म्हणाली. नवऱ्याच्या नखात बुरशी सापडली म्हणून इतका आनंद झालेली बाई दुसरी नसेल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मातीतली ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तेव्हा बरं व्हायच्या आधीच सर्टिफिकेट द्यायला हरकत नाही. मी त्यांच्या हातात तलावाचा छापील फॉर्म ठेवला, आणि त्यांनी भरून दिलेला तो कागद घेऊन त्याच पावली तलावाच्या ऑफिसच्या खिडकीशी गेलो. खिडकीतल्या मॅनेजरनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"इथे छापलंय, 'संसर्गजन्य आजार आहे / नाही'. त्यातलं नको ते खोडायचं. तुमच्या डॉक्टरांनी काहीच खोडलं नाही. मध्येच लिहिलंय, 'ही बुरशी माणसापासून माणसाला सहसा होत नाही.'"

"मग? होत नाही असंच लिहिलंय ना?"

"सहसा होत नाही, असं लिहिलंय. आमच्याकडे सहसा चालत नाही."

मी भांडलो. खिडकीच्या लाकडावर हात आपटला. पण मनातल्या मनात त्या माणसाबद्दल मला आदर वाटत होता, हे कबूल केलं पाहिजे. पाइपाची लांबी 'सुमारे' लिहिली म्हणून मी एका गृहस्थांचा अर्ज परत केला होता, आणि त्यांनीही माझ्या खिडकीच्या लाकडावर हात आपटला होता. डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो तर त्या म्हणाल्या, "'कधीच नाही' असं मी लिहिणार नाही. नख बरं झालं की 'नाही' लिहीन." दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असली की मधल्या माणसाचं चिपाड होतं.

"नख कधी बरं होईल?" बायकोने विचारलं.

"पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष लागतं. जास्तही लागेल."

आम्ही घरी आलो. मग कपाट उघडून तिने खिळ्यावरची टोपी काढली. "वर्षभर मी काठावर बसू?" ती मला विचारत होती की टोपीला, कळलं नाही. "मी जाते उद्यापासून. तुम्ही बाहेर बसाल?"

आणि तसंच झालं. आधी एक मलम लावून, वर पट्टी बांधून नख भिजल्या पुठ्ठ्यासारखं मऊ केलं आणि डॉक्टरीणबाईंनी ते अलगद उचलून काढलं. दुखलं नाही, पण उघडा पडलेला अंगठा बघून मला त्याची दया आली. मग दुसऱ्या जातीच्या गोळ्या, जेवणाबरोबर घ्यायच्या, मध्ये रक्त तपासायचं. शिवाय नखाच्या जागेवर रोज एक औषध ब्रशने लावायचं. ते दिसतं, वाळतं आणि चकाकतं अगदी नेलपॉलिशसारखं. पार्लरवाल्या वहिनी म्हणाल्या, "मी आधीच सांगितलं होतं." बागेत मी बूट घालून जाऊ लागलो. माती पोकळ राहिली, आणि टोमॅटो पूर्वीपेक्षा चांगले आले, याबद्दल मी कोणाशी चर्चा करत नाही.

बायको पोहायला जायची आणि मी प्रेक्षकांच्या बाकावर तिचा टॉवेल, चष्मा आणि पर्स घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी ती पायरीवर उभी राहून इतका वेळ माझ्याकडे बघत होती की शिकवणाऱ्या बाईंनीही वळून बघितलं. मी टॉवेल हलवला. ती उतरली. कंबरेएवढ्या पाण्यात कठडा घट्ट धरून उभी राहिली, बोटं पांढरी झालेली मला बाकावरून दिसली. मला तेव्हा जे वाटलं ते साधं होतं : मी तिला शब्द दिला होता आणि मी चपलांजवळ बसलो होतो. पुढे तिने कठडा सोडला. पुढे पाण्यात तोंड घातलं, नाकातोंडात पाणी गेलं, बाहेर येऊन खोकली, परत घातलं. कधीतरी एकदा मी पर्समधला चष्मा पुसत होतो, वर बघितलं तर ती उथळ भागात नव्हतीच. दोरीच्या पलीकडे होती. मी घाबरून उभा राहिलो, तर ती शांतपणे हात मारत परत येत होती.

नख आलं ते किंचित वाकडं आलं, पण स्वच्छ. शेवटच्या तपासणीत धागे नव्हते, बशी रिकामी होती, आणि या वेळी ती रिकामी असण्यात विमाकाकांच्या बाटलीचा हात नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सर्टिफिकेटावर 'आहे' हा शब्द पट्टी ठेवून खोडला. मॅनेजरनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली आणि शिक्का मारला. तपासनीस खुर्चीतून वाकले, नख बघितलं, दुसऱ्या पायाचंही बघितलं, आणि म्हणाले, "जा काका." त्यांनी कधी कोणाला एवढ्या प्रेमाने आत सोडलेलं मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

उथळ भागात मी दोन फेऱ्या मारल्या. हात फिरले, मान वळली, पाणी उडलं. अंगठा आपलं काम विसरला नव्हता.

"या इकडे," बायको दोरीपलीकडून म्हणाली.

"इथे बरं आहे."

"मी एवढं वर्ष एकटी आले ती तुम्हाला इथे बघायला? या."

मी दोरीखालून गेलो. पुढे तळ उतरत जातो. अंगठा पुरला तोवर मी गेलो, मग अंगठ्याचं टोक पुरलं, मग नवं नख पुरलं, आणि मग खाली काहीच नव्हतं. मी पाय खाली ताणला. अजून ताणला.

"अंगठ्याने शोधू नका," ती म्हणाली. "तिथे काही नाहीये." आणि तिने माझा दंड धरला.

नाकातलं पाणी काढून मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मुलीला शिकवायचात तेव्हापासून. काठावर बसून दुसरं काय करत होते मी? दर तिसऱ्या हाताला तुम्ही वर उसळायचात."

"मग मी शेजारी हवा म्हणून कशाला हटून बसली होतीस?"

"तुम्ही शेजारी असलात की बरं वाटतं. पोहता येतं म्हणून का?" तिने माझ्या पाठीखाली तळहात घातला. "व्हा आडवे. मान सोडा. पोट वर. मी धरते."

मी आडवा झालो. कान पाण्यात गेले आणि तलावातला सगळा गोंगाट लांब गेला. वर छताला दिव्यांची रांग होती, त्यातला एक बंद होता. मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिलो. मग सोडला, मग पुन्हा घेतला.

"धरलंयस ना?"

"धरलंय."

आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. मान न हलवता मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. ती बरीच पलीकडे, पाण्यात उभ्या उभ्या पाय मारत, दोन्ही हातांनी टोपीत केस खोचत होती. मी घाईघाईने परत छताकडे बघितलं, आणि मग हळूच माझ्या पायांकडे. उजवा अंगठा पाण्याबाहेर आला होता, आणि त्याच्याखाली काही नव्हतं.